15 हजार, पाच माणसं आणि संभाजीनगर

या आठवड्याचं पत्र पिंपरी-चिंचवडच्या एका ताईंचं आहे. ताई घरी शिकवण्या घेतात, यजमान खासगी कंपनीत आहेत. मुलगी 13 वर्षांची, मुलगा 9 वर्षांचा. सासूबाई 68 च्या, गुडघे दुखतात. तीन वर्षांत घरची सहल झालेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला जावं, वेरूळ-अजिंठा मुलांना दाखवावं असं ताईंच्या मनात आहे. त्यासाठी त्यांनी वर्षभर थोडे थोडे करून 15 हजार बाजूला टाकले. यजमानांचं म्हणणं, "करायची तर नीट करू, नाहीतर राहू दे." त्यांच्या हिशेबाने बरं हॉटेल, चार दिवसांची गाडी आणि सगळी ठिकाणं धरून 30 हजार तरी लागतील आणि वरचे 15 हजार क्रेडिट कार्डावर हप्त्याने फेडता येतील. गेल्या वर्षी जाऊबाई राजस्थानला जाऊन आल्या, त्यांचे फोटो अजून घरात निघतात. सासूबाईंना चार दिवस नणंदेकडे ठेवलं तर एका माणसाचा खर्च वाचेल, हेही ताईंच्या डोक्यात येऊन गेलं, पण मन धजत नाही. त्यांचा प्रश्न: "कमी पैशांत गेलो तर मुलांचा हिरमोड होईल का? की सरळ पुढच्या वर्षावर ढकलू?"

ताई,

सल्ल्याआधी वहीच्या पानावर एक बेरीज मांडू. वेरूळच्या लेण्यांचं तिकीट आपल्याला 40 रुपये. दौलताबादचा किल्ला 25, बीबी का मकबरा 25. पुरातत्त्व खात्याच्या या ठिकाणी 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं, म्हणजे तुमची दोन्ही मुलं फुकट. उरलात तुम्ही तिघं. माणशी 90, तिघांचे 270 रुपये. ऑनलाइन काढलीत तर त्याहूनही थोडे कमी. घृष्णेश्वराच्या साध्या रांगेला पैसे नाहीत, तिथला अहिल्याबाईंचा कुंड बघायला पैसे नाहीत, आणि शहरातले जुने दरवाजे तर रस्त्यातच उभे आहेत, त्यांच्या खालून रिक्षा जातात.

ज्यासाठी संभाजीनगरला जायचं ते तुम्हाला पावणेतीनशे रुपयांत बघायला मिळतंय. मग 30 हजार कशाचे? गाडीचे, खोलीचे, आणि आलोच आहोत तर एकही ठिकाण सुटता कामा नये या हट्टाचे. पहिल्या दोन गोष्टी कमीजास्त करता येतात. तिसरी सगळ्यात महाग, आणि ती कुठल्याच बिलावर दिसत नाही. तीन दिवसांत आठ ठिकाणं उरकायची म्हटलं की एसटी चालत नाही, गाडीच लागते. गाडी दारात उभी असली की मीटर चालू असल्यासारखं प्रत्येक ठिकाणी "चला, चला" सुरू होतं. दुपारी जिथे गाडी थांबेल तिथे, ड्रायव्हर म्हणेल त्या हॉटेलात जेवायचं. रात्री सगळे इतके दमलेले असतात की कुणाला बाहेर पडून चार पावलं चालायचीही इच्छा नसते.

त्यामुळे पैसे कमी आहेत तर मुलांचा आनंद किती कमी होईल, या दिशेने तुम्ही विचार करू नका. ठिकाणांची यादी छाटा. खर्च आपोआप खाली येतो.

आता यजमानांचं. "नीट करू, नाहीतर राहू दे" हे चिकट माणसाचं बोलणं नव्हे. मुलांसमोर प्रत्येक गोष्टीला "नको, महाग आहे" म्हणावं लागेल, आईला उन्हात स्टँडवर उभं करावं लागेल, आणि परत आल्यावर भावाने विचारलं "कुठे उतरला होतात?" तर काय सांगायचं, असा धसका बहुतेक या वाक्यामागे असेल. तुम्ही त्यांना "तुम्हाला नुसता दिखावा हवा" म्हणालात तर बोलणंच संपेल. त्याऐवजी पुढचे आकडे त्यांच्यासमोर ठेवा आणि हजार-बाराशे रुपये सुरुवातीलाच त्यांच्या खिशात द्या, ज्याचा हिशेब तुम्ही मागणार नाही. मुलाने आइस्क्रीम मागितलं, आईला नारळपाणी प्यावंसं वाटलं, तर त्यांना तुमच्याकडे बघावं लागू नये. तंगीच्या सहलीत भांडणं मोठ्या खर्चावरून होत नाहीत, वीस-तीस रुपयांवरून होतात.

कार्डाचा मार्ग मला पटत नाही. सहल तीन रात्रींची आणि हप्ते पुढचे सहा-आठ महिने. त्यात मुलांची फी, विम्याचा हप्ता, कुणाचं आजारपण आलं की सहलीची आठवण कडू व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या घरात कर्ज काढून करण्यासारखी कामं पुढे येणारच आहेत, मुलीची दहावी फार लांब नाही.

पुढच्या वर्षावर ढकलणं मात्र मी लगेच मोडीत काढणार नाही. एकच प्रश्न स्वतःला विचारा: हे 15 हजार सहलीचेच आहेत, की घरात अडीअडचणीला दुसरे पैसे नसल्याने हेच शेवटचे आहेत? दुसरं खरं असेल तर या वर्षी जाऊ नका, आणि त्याची लाजही बाळगू नका. मुलांना घेऊन एका रविवारी शनिवारवाडा, लाल महाल, कसबा गणपती, तुळशीबाग असं पायी फिरा. पुण्याच्या इतक्या जवळ राहून अनेकांनी ते ओळीने पाहिलेलं नसतं. पण पैसे खरोखर सहलीसाठीच साठवलेले असतील तर थांबून काय मिळवणार? वर्षभराने खोल्यांचे दर वाढलेले असतील, सासूबाईंचे गुडघे आणखी कुरकुरतील, आणि मुलगी आईबापांबरोबर आनंदाने फिरण्याच्या वयातून हळूहळू बाहेर पडत असेल.

पॅकेज टूर हाही एक पर्याय तुम्ही चाचपला असेल. एकटीदुकटी ज्येष्ठ मंडळी किंवा ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांना ती सोयीची. पण तिथे पैसे माणशी मोजतात, मुलांनाही फारशी सूट नसते, आणि एका दिवसात दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, पाणचक्की, मकबरा असं सगळं कोंबलेलं असतं. कैलास लेण्यात पाऊण तास मिळतो, त्यातला अर्धा फोटोत जातो. पाच जणांच्या घराने ती करू नये, असं माझं स्पष्ट मत.

यादी छाटायची म्हणजे सुरुवात कुठून? सांगायला जड जातंय, पण अजिंठ्यापासून.

नातेवाईक म्हणतील, "संभाजीनगरला गेलात आणि अजिंठा नाही पाहिला?" म्हणू देत. अजिंठा शहरापासून साधारण 100 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन 200. फाट्यावर आपलं वाहन सोडून तिथल्या बसने शेवटचे चार किलोमीटर जायचं, मग पायऱ्या, मग घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कोरलेली 30 लेणी. तिथे डोलीवाले मिळतात, पण सासूबाई डोलीत बसतील का, ते तुम्हालाच ठाऊक. तिकीट पुन्हा 40 रुपयेच. पण गाडी केलीत तर तिचं भाडं तुमच्या 15 हजारांचा मोठा लचका तोडेल, आणि बसने गेलात तर अख्खा दिवस प्रवासात जाऊन चित्रांसाठी उरतील जेमतेम तीन तास. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मंद उजेडात पाहायचा असतो. अंधाराला डोळे सरावायलाच काही मिनिटं जातात, मागून गर्दी ढकलत असते. घाईत पाहिला तर मुलांना एवढंच आठवेल की आत काळोख होता.

अजिंठ्याला जळगावहून जाणं सोपं, तिथून अंतर साधारण 60 किलोमीटर. तेव्हा तो पुढच्या खेपेला ठेवा, रेल्वेने जळगावला उतरून, वेगळ्या दोन दिवसांत. ज्या वाचकांना याच वेळी दोन्ही हवंच असेल त्यांनी जळगावला उतरावं, अजिंठा पाहून संभाजीनगरला मुक्कामी यावं आणि तिथूनच घरी परतावं. गेलेल्या वाटेने परत येण्याचे 100 किलोमीटर तरी वाचतात.

आता वार. वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. दिवाळीत भाऊबीजेपर्यंत आणि त्यानंतरच्या शनिवार-रविवारी खोल्यांचे दर चढलेले असतात. शाळेची सुट्टी त्याच्या पुढेही चार-सहा दिवस असते. तेव्हा भाऊबीज उलटून गेल्यावरचा सोमवार धरा आणि गुरुवारी परत या. यजमानांना रजा टाकावी लागेल, हे खरं. पण खोलीत वाचणारे पैसे आणि लेण्यांत न मिळणारी ढकलाढकली, दोन्ही त्या रजेच्या मोलाचं आहे.

जायचं एसटीनेच. पुण्याहून रेल्वे मनमाडचा वळसा घेते, त्यापेक्षा शिवाजीनगरहून, म्हणजे हल्ली वाकडेवाडीहून, सुटणारी नगरमार्गे गाडी सरळ. तुमच्या घरात एसटीचं पूर्ण तिकीट फक्त यजमानांना पडेल. महिलांना अर्धं, म्हणून तुम्ही, सासूबाई आणि मुलगी तिघी अर्ध्या तिकिटात. मुलगा 12 वर्षांच्या आतला, तोही अर्ध्यात. पाच माणसं, तीन तिकिटांचे पैसे. साध्या गाडीने जाऊन-येऊन अडीच हजारांच्या आसपास धरा. खिडकीच्या जागा हव्यात तर आरक्षण आधी करा. सासूबाईंना मागच्या बाकावर बसवू नका, नगरपुढे पाठीला ते कळेल.

खोलीला तीन रात्रींचे पाच हजार ठेवा. एकच मोठी खोली, पाचव्या माणसाला गादी, एसी नको, त्या दिवसांत रात्री गारवा असतो. मध्यवर्ती बसस्थानक, क्रांती चौक किंवा रेल्वे स्टेशन यांच्या आसपास बघा. शहराबाहेरची खोली तीनशे रुपयांनी स्वस्त दिसते आणि रिक्षात चारशे घालवते. फोन करून तीन गोष्टी विचारा: गरम पाणी कधी असतं, लिफ्ट आहे की तळमजल्यावर खोली मिळेल, आणि संडास कमोडचा आहे का. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी हा शेवटचा प्रश्न हॉटेलच्या ताऱ्यांपेक्षा महत्त्वाचा. जेवणखाणाला चार हजार, तिथल्या फिरण्याला दोन हजार, तिकिटांना तीनशे. बेरीज 13,800. उरलेले बाराशे म्हणजे यजमानांच्या खिशातले.

सोमवारी दुपारी पोचाल. जेवा, आडवे व्हा, आणि चारच्या पुढे मकबऱ्याला जा.

मकबऱ्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या पत्राचा आणि त्याचा फार जवळचा संबंध आहे. औरंगजेबाची बेगम दिलरासबानू हिची ही कबर, 17 व्या शतकातली. मुलगा आजमशहा याने ती आईसाठी बांधली असं सांगतात. आराखडा अताउल्लाचा, आणि त्याचे वडील उस्ताद अहमद लाहोरी म्हणजे ज्यांना ताजमहालाच्या रचनेचं श्रेय दिलं जातं ते. बापाला शहाजहानचा खजिना मोकळा होता. मुलाच्या हातात काय आलं? ताजमहालाचा खर्च कोटींत सांगितला जातो, मकबऱ्याची नोंद सुमारे 6 लाख 68 हजार रुपयांची. तेवढ्यात सगळी इमारत संगमरवरात होणं शक्यच नव्हतं.

मग त्याने काय केलं, ते मुलांना जवळ नेऊन दाखवा. कबरीच्या इमारतीचा खालचा, माणसाच्या नजरेच्या उंचीचा पट्टा संगमरवरी आहे, वरचा घुमट संगमरवरी आहे. मधला सगळा भाग आपल्याकडचा काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. भिंतीशी उभं राहून बघितलं की संगमरवर कुठे संपतो आणि गिलावा कुठे सुरू होतो ती रेघ दिसते. जिथे लोक जवळून बघणार आणि जे दुरून चमकणार, तिथे पैसे घातले. बाकी ठिकाणी गवंड्यांनी हाताची कमाल केली. त्या गिलाव्यावरची वेलबुट्टी बघा, ती स्वस्तातली वाटत नाही. जाता-येता मुख्य दरवाजावरचा पितळी पत्रा आणि त्यावरची फुलझाडंही बघा, बहुतेक लोक तिथे पाठ करून फोटो काढतात.

शेकडो वर्षं लोक या इमारतीसमोर उभं राहून "ताजमहालासारखी नाही" म्हणत आले. आग्र्याची इमारत डोक्यात धरून आलेल्याला ही कमीच दिसणार. संध्याकाळी मागच्या डोंगरावर उजेड उतरत असताना ती नुसती बघितली तर सुंदर आहे. तुमच्या जाऊबाईंच्या फोटोंबद्दल मला याहून वेगळं काही सांगायचं नाही.

मंगळवारी वेरूळ बंद, म्हणून दौलताबाद. सकाळी लवकर निघा, अंतर पंधराएक किलोमीटर. मध्यवर्ती स्थानकातून वेरूळकडच्या गाड्यांची चौकशी करा, कंडक्टरला दौलताबाद लागतं का ते चढण्याआधी विचारा. हा यादवांचा देवगिरी. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली तेव्हा दौलताबाद झाला. मुलगा 9 वर्षांचा आहे म्हणजे हा दिवस त्याचा. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दरवाजांवर ठोकलेले खिळे, तासून उभा कडा केलेला डोंगर, खंदक, आणि शत्रूला चकवण्यासाठी डोंगराच्या पोटात कोरलेली अंधारी. मोबाइलचा टॉर्च असला तरी तिथे मुलाचा हात सोडू नका, पायऱ्या ओबडधोबड आहेत आणि वटवाघळांचा वास येतो.

सासूबाईंना वर चढवायचा आग्रह करू नका. खालच्या टप्प्यावर हत्ती हौद आहे, भारतमातेचं मंदिर आहे, मोकळी सावली आहे. तुमच्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर बसावं, दुसऱ्याने मुलांना मेंढा तोफेपर्यंत न्यावं, मग अदलाबदल. माथ्यापर्यंत सगळ्यांनी जायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. माकडं आहेत, खाण्याची पिशवी उघडी धरू नका. खाली आल्यावर रस्त्याच्या कडेला टोपल्यांत सीताफळं आणि पेरू दिसतील. दौलताबादचं सीताफळ नावाजलेलं आहे, आणि त्या दिवसांत हंगाम संपत आलेला असला तरी मिळेल. दुपारचं खाणं त्यावर आणि घरून आणलेल्या दशम्या-चटणीवर भागलं तर जेवणाच्या खात्यात शंभर-दोनशे रुपये वाचतील, आणि ते रात्री चांगल्या ठिकाणी वापरता येतील. मांसाहार करत असाल तर रात्री नान खलिया खा, ते याच शहराचं. नसाल तर गुलमंडीच्या बाजूला फेरी मारा.

मंगळवारी दुपारी झोपा. हे गंमत म्हणून लिहीत नाही. सहलीत दुपारची झोप हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, तो न केल्याने संध्याकाळी रिक्षा, थंड पेयं आणि रुसवेफुगवे यांवर पैसे जातात. उठून पाणचक्कीला जा. काही किलोमीटर दूरच्या झऱ्याचं पाणी खापरी नळांतून आणून त्यावर जातं फिरवलेलं, दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळायला. तासाभरात होतं. येताना भडकल दरवाजा दिसेल, 1612 मधला, मलिक अंबरने बांधलेला. खडकी नावाच्या गावाचं शहर त्याने केलं, हे मुलीला सांगा. तिच्या पुस्तकात औरंगजेब असतो, मलिक अंबर एखाद्या ओळीत उरकलेला असतो.

बुधवार वेरूळचा, आणि या दिवशी पैशांचा हात सैल सोडा. फिरण्याच्या दोन हजारांपैकी मोठा भाग इथे घाला, दिवसभरासाठी वाहन ठरवा. फक्त वेरूळ, मध्ये दुसरं काही नको, हे चालकाला निघतानाच सांगा. नाहीतर "जाता जाता" म्हणून हिमरू आणि पैठणीच्या दुकानात नेतात. माग बघायला मजा येते, पण तिथून रिकाम्या हाताने बाहेर पडणं जमत नाही, आणि चालकाचं कमिशन तुमच्याच बिलात असतं.

सकाळी घृष्णेश्वर. गाभाऱ्यात पुरुषांना सदरा-बनियन काढून जावं लागतं, यजमानांना आधीच सांगून ठेवा. आताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या जीर्णोद्धाराचं. जवळच त्यांनीच बांधून घेतलेलं शिवालय तीर्थ आहे, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारा लाल दगडाचा कुंड. दर्शनाला आलेली शंभर माणसं तिथे न जाताच परततात. गावातच मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे. शिवरायांचे आजोबा इथले, हे कळलं की मुलांना गाव एकदम ओळखीचं वाटायला लागतं.

लेणी दुपारी बघा. डोंगराचा तो कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, दुपारनंतर ऊन आत शिरतं आणि मूर्ती उजळतात. एकूण 34 लेणी, बौद्ध, हिंदू आणि जैन. चौतीसच्या चौतीस बघायला गेलात तर सासूबाई पाचव्याला बसतील आणि मुलगा दहाव्याला. चार पुरेत. दहावं लेणं बघा, त्याच्या छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी तुळया, ज्यांची छताला काडीची गरज नाही. लाकूडकामाची सवय दगडातही सुटली नाही त्या कारागिरांची. वाहन आहे म्हणून टोकाच्या जैन लेण्यांपैकी बत्तिसावं, इंद्रसभा, बघा. बारावं, तीन मजली, नुसतं बाहेरून बघून "बाप रे" म्हणा. आणि उरलेला सगळा वेळ सोळाव्याला, कैलासाला.

कैलास आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांचं, कृष्ण पहिला याच्या नावाशी जोडलेलं. डोंगर वरून खाली खोदत आणला, म्हणजे शिखर आधी झालं. मुलांना आत सोडताना एक काम द्या: दक्षिणेच्या बाजूला खाली रावण शोधा. तो कैलास पर्वत हलवतोय, हातांचं चक्र झालंय. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगली आहे, एक दासी पाठ फिरवून पळत सुटली आहे, आणि शंकर पायाने पर्वत दाबून निवांत बसलाय. ती पळणारी दासी सापडली की मुलं पुढचं स्वतःच शोधायला लागतात, एका भिंतीवर रामायण आहे, दुसऱ्यावर महाभारत. सासूबाईंना त्या भिंतींपाशी नेऊन सोडा, प्रसंग त्या नातवंडांना सांगतील. गाइडची गरज पडणार नाही. घ्यायचाच असेल तर फक्त कैलासापुरता, आणि दुसऱ्या एखाद्या कुटुंबाबरोबर पैसे वाटून.

म्हणजे सासूबाईंना बरोबर न्यायचंच, असं मी गृहीत धरतोय का? नाही, आणि तुम्हीही धरू नका. तुमच्या पत्रात त्यांच्या खर्चाचा विचार आहे, गुडघ्यांचा आहे, तुमच्या मनाला लागणाऱ्या बोचणीचा आहे. त्यांना विचारलंत असं कुठे दिसलं नाही. त्यांचं वाढीव खर्चाचं माप काढलं तर एसटीचं अर्धं तिकीट, 90 रुपयांची प्रवेशतिकिटं आणि चार दिवसांचं माफक जेवण. खोली तशीही तुम्ही घेणारच. पैशांसाठी त्यांना मागे ठेवण्यात फार काही वाचत नाही. पण कदाचित त्यांनाच चार दिवस लेकीकडे जायचं असेल. कदाचित घृष्णेश्वराचं दर्शन वर्षानुवर्षं राहून गेलं असेल आणि तुमची ओढाताण बघून त्या बोलत नसतील. सरळ विचारा, मुलं आणि यजमान समोर नसताना, म्हणजे त्यांना भिडेखातर हो म्हणावं लागणार नाही.

मुलांच्या हिरमोडाचं राहिलं. मुलांचा विरस पैसे कमी असल्याने सहसा होत नाही, ऐनवेळी "नाही" ऐकून होतो. म्हणून आकडा त्यांच्यापासून लपवू नका. मुलगी 13 वर्षांची आहे, खर्चाची वही तिच्याकडे द्या. रोजच्या खाऊचे दोनशे रुपये दोघांनी मिळून ठरवायचे, काय घ्यायचं, कधी घ्यायचं. पहिल्या दिवशी सकाळीच संपवतील, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरवतील. तुम्ही मध्ये पडू नका.

इतर वाचकांसाठी थोडंसं. मुंबईकरांना तपोवन एक्सप्रेस सोयीची, सकाळी निघून दुपारी पोचते आणि बसण्याच्या डब्याचं तिकीट स्वस्त असतं. एका रात्रीचं भाडं वाचवायला रात्रीच्या गाडीचा मोह होतो, पण पहाटे अवेळी उतरलात तर दुपारपर्यंत खोली मिळत नाही आणि लहान मुलांना घेऊन स्टेशनवर बसावं लागतं. नात्यातल्या दुसऱ्या कुटुंबाला बरोबर घेऊन गाडीचं भाडं वाटून घ्यायचा बेत असेल तर निघण्याआधी एवढं ठरवा, की सकाळी किती वाजता निघायचं आणि कुणी काय बघायचं नाही. पैसे वाचतात, पण दोन घरांच्या आंघोळी उरकेपर्यंत दौलताबादला ऊन डोक्यावर येतं.

आणि ताई, सासूबाईंचं आणि मुलांचं आधार कार्ड आजच शोधून एका पाकिटात ठेवा. एसटीच्या सवलतीला ओळखपत्र मागतात, मुलांचं वय तिकीटखिडकीवर विचारलं तरी तेच लागतं, आणि हॉटेलवालाही पहिल्यांदा तेच मागेल.